दहाव्या चादरीखाली कोण?

३ नोव्हेंबर, सोमवार

झालं! टाकला एकदाचा गेम साइटवर. बटण सत्यमने दाबायचं ठरलं होतं; गेमचे आवाज त्याचे, बाकी सगळं माझं. ऐन वेळी त्याने लॅपटॉप माझ्याकडे सरकवला, मग मीच दाबलं. दोन वर्षं घासली आणि दाबायला एक सेकंद! नंतर दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलो. खाली क्लासची पोरं वडापाव खात होती. त्यांच्या कॉम्प्युटरच्या बाईंनी आत्ता काय केलं, त्यांना पत्ता नाही.

नाव 'उद्या येतोय'. सत्यमला नावात रक्त हवं होतं. "उद्या येतोय यात कुणाला काय भीती वाटणार?" म्हणे. तू आवाजाचं बघ, म्हटलं. ज्याच्या घरी हा फोन येतो त्याला विचार! सत्तावीस वर्षं आमच्याकडे येतोय. मुंबईहून राजेश्वरी मॅडम म्हणतात, "महिपती, उद्या येतोय," आणि आबा भरल्या ताटावरून उठतात. गीझर, टाकी, गाद्यांना ऊन, खुर्च्यांवरच्या चादरी काढायच्या. बंगला मॅडमचा, तुंगार्लीतला. आम्ही त्याच्या मागच्या दोन खोल्यांत. लोक आबांना केअरटेकर म्हणतात, मॅडम माळी म्हणतात. आबा स्वतः "बंगल्यावर असतो" एवढंच सांगतात.

गेममध्येही हेच. फोन येतो, बंगला आवरायचा. चित्रं मुद्दाम जुन्या गेमसारखी, ठोकळ्या-ठोकळ्यांची. दिवाणखान्यात चादरी घातलेल्या नऊ खुर्च्या. थोड्या वेळाने मोजा — दहा!

४ नोव्हेंबर

खेळलेले लोक: सात. त्यात एक सत्यम, एक सत्यमचा मामेभाऊ.

७ नोव्हेंबर

पहिले दोन अभिप्राय! एक: "भुताची भीती नाही वाटली. पण गीझर लावायचा राहिला आणि मालकाचा फोन वाजला तेव्हा घाम फुटला." हा कोण देवमाणूस? याला घरी जेवायला बोलवावं.

दुसरा: "दीड तास चादरींच्या घड्या घालतोय. भूत कधी येणार?" हा सोडून द्यायचा.

११ नोव्हेंबर

'घाबरट छकुली' नावाचं एक चॅनेल आहे. नागपूरची मुलगी, भीतीचे गेम खेळते आणि लोक तिचं किंचाळणं बघतात. काल तिने आमचा घेतला! चाळीस मिनिटं चाव्यांवर अडकली. जुडग्यात बारा चाव्या, नंबर एकीवरही नाही, प्रत्येकीला कापडाची चिंधी. छकुली चिडली, रडकुंडीला आली, आईला हाका मारल्या. मग पडद्याकडे बघून जी ओरडली! ज्या खोलीचे पडदे, त्याच कापडाची चिंधी तिच्या चावीला. "ज्याने हे डोकं लढवलं त्याच्या मी पाया पडते," म्हणाली.

आबांच्या पाया पडावं लागेल मग. चावीवरचे नंबर पुसले गेले तेव्हा आबांनीच शिंप्याकडून पडद्यांचे तुकडे मागून आणले होते. मी फक्त उचललं. पळत जाऊन त्यांना सांगावंसं वाटलं. नाही सांगितलं.

कारण आबांना माहीत नाही मी काय केलंय ते. "घराचा गेम आहे एक," एवढंच सांगितलंय. घर कुठलं ते नाही. दिवाणखाना, जिना, पडद्यांवरची निळी फुलं, सगळं जसंच्या तसं उतरवलंय मी. फडकं मारता मारता फोटो काढले होते. मॅडमच्या नजरेला हे पडलं तर आबांची नोकरी गेली, आणि नोकरीबरोबर दोन खोल्याही. हे मला आधी कळत नव्हतं का? कळत होतं. वाटलं होतं, सात जण तर खेळणार!

१३ नोव्हेंबर

नऊशे जण! सत्यमने शिरगावला देवळाबाहेरच्या त्यांच्या हारांच्या दुकानात पेढे वाटले. बायकांना वाटलं नवस फेडतोय. एकीने तर "काय झालं, मुलगा?" असंही विचारलं.

१५ नोव्हेंबर

आज एकाने लिहिलं: "नऊ खुर्च्या आहेत, एकीवरही बसता येत नाही. काही चूक राहिली का?" त्याच्याखाली पोलंडचा एक जण: "चूक नाही. हीच तर खरी भीती. अख्खं घर आपण आवरायचं आणि आपल्याला टेकायला जागा नाही." मग कौतुकाला ऊत आला. वा, काय विचार केलाय! एका बाईने तर पानभर निबंध लिहिला.

सत्यमचा फोन. "एवढं डोकं लढवलंस आणि मला सांगितलंही नाहीस?"

कसलं डोकं! विसरले मी! दार करकरतं, नळ गळतो, पाल चुकचुकते, डाससुद्धा मारता येतो. खुर्चीवर बसायचं तेवढं लिहायचं राहिलं. राहिलं तरी कसं म्हणू? सुचलंच नाही. त्या खुर्च्या पुसायच्या असतात, झाकायच्या असतात, सरकवायच्या असतात. आबांना मी जन्मात कधी त्यांच्यावर बसलेलं बघितलं नाही. पाचवीत असताना मी एकदा बसले होते. आईने दंडाला धरून उठवलं होतं, बंगल्यात चिटपाखरू नसताना!

त्या पोलंडवाल्याचा आधी राग आला. मग रडू आलं. क्लासमध्येच. पोरांना म्हटलं, डोळ्यात कचरा गेलाय.

१६ नोव्हेंबर

सगळ्यांचा एकच धोशा — दहाव्या चादरीखाली कोण? चादर ओढली की स्क्रीन काळी होते आणि गेम संपतो. कुणी म्हणतं मालकाची पहिली बायको. कुणी म्हणतं मेलेला मालक. सत्यम म्हणतो, सांगून टाक ना. मला माहीत असेल तर सांगेन! चादरीखाली मी काही ठेवलेलंच नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार

मन खात होतं. आज आबांना बसवलं लॅपटॉपसमोर. चष्मा लावला, आई मागे उभी. पहिलं चित्र आलं मात्र!

"आगं, ह्यो तर आपला बंगला!"

आता ओरडा बसणार, वाटलं. पण आबा रागवायचं सोडून कामालाच लागले! गेममध्ये दिवे जातात तेव्हा लोक किंचाळत माडीवर पळतात. आबा सरळ जिन्याखाली. "भूत कसलं? मेन पडलाय. आदी त्यो बगायचा." फाटक करकरलं, त्यावर सत्यमने तीन महिने मेहनत घेतलीय, तर म्हणाले, "ह्येला त्याल पायजे." शेवटी दहावी खुर्ची आली. आबांनी मान वर करून बघितलंही नाही.

"आबा, नऊच्या दहा झाल्या!"

"आसू दे की. येक मानूस जादा आलं आसंल. येक कप जादा टाकायचा."

म्हणत तिचीही चादर ओढली आणि पंचवीस मिनिटांत गेम संपवला! आत्तापर्यंत सगळ्यात लवकर संपवणाऱ्याला तासाच्या वर वेळ लागलाय.

मग चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले. "बाईंनी बगितलं तर?"

आई म्हणाली, "ह्या वयात कुटं जायाचं आपुन?"

काढून टाकते मी, म्हटलं. आबा झाडांना पाणी घालायला गेले. मी बटणावर बोट ठेवून बसले आणि नाही दाबलं. स्वार्थी आहे मी. लिहून ठेवते.

२३ नोव्हेंबर

आबांनी फाटकाला खरंच तेल घातलं. सत्यम हळहळतोय — "एवढा चांगला आवाज गेला!"

२९ नोव्हेंबर

सकाळी मॅडमचा फोन. "महिपती, उद्या येतोय. आणि हर्षदाला घरी थांबायला सांग."

एवढंच. आबा ताटावरून उठले, पण या वेळी गीझरकडे गेले नाहीत. ओट्यावर बसून राहिले. आईने खाटेखालची ट्रंक ओढली, झटकली, उघडी ठेवली. माझ्याच गेमचं नाव मलाच ऐकवेना! सत्यमला कळवलं तर आधी हसला गाढव. मग म्हणाला, "येऊ का मी उद्या?" नको म्हटलं.

दिवसभर तिघांनी बंगला आवरला.

३० नोव्हेंबर, रविवार

क्रमाने लिहिते.

मॅडम अकराला आल्या. दिवाणखान्यात टेबलाशी बसल्या, लॅपटॉप उघडला. मी आणि आबा समोर. आई स्वयंपाकघराच्या दारात.

"हर्षदा, हे तू केलंस?"

हो.

"हे माझे पडदे आहेत."

हो.

"भाचीने पाठवलं. चार दिवस झाले, मी पंपाच्या खोलीत जाऊच शकत नाहीये! सगळ्या चाव्या लावून बघितल्या. तिथे पडदा कसला आहे गं?"

आबा वळसा घालून त्यांच्या खुर्चीमागे गेले, लॅपटॉपवर वाकले. मागून आबा म्हणाले, "बाई, ती सुतळीवाली लावा. पंपाला कुटला आलाय पडदा!"

मॅडम हसायला लागल्या त्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग काय! दोन तास आबा सांगतायत आणि मॅडम बटणं दाबतायत.

"मेन स्विच कुठे रे आपल्याकडे?"

"जिन्याखाली, बाई."

"तिथे तर कपाट आहे."

"कपाटाच्या मागं."

तीस वर्षं बंगला त्यांचा, आणि मेन स्विच कुठे ते गेम खेळताना कळलं! जिंकल्या तेव्हा टाळ्या पिटल्या. म्हणाल्या, "आमची नावं नाही घातलीस ते बरं केलंस. बाकी राहू दे." झालं. संपलं. वाचलो! आईने मागे जाऊन ट्रंक परत आत ढकलली, त्याचा आवाज बंगल्यापर्यंत आला.

नाचायला हवं होतं मी. पण ते दोन तास आबा मॅडमच्या खुर्चीमागे उभे होते. बाजूला आठ खुर्च्या रिकाम्या. एकदा गुडघा चोळला, मग दुसरा. मॅडम वाईट नाहीत. आबांना चहा त्यांनी स्वतः ओतून दिला. "बस" म्हणायचं तेवढं त्यांना सुचलं नाही. मला तरी दोन वर्षं कुठे सुचलं होतं? मीही तिथेच होते की! मीसुद्धा "बसा" म्हटलं नाही.

२ डिसेंबर

लिहून टाकलं आज. पाच-सहा ओळींचं काम होतं. आता कुठल्याही खुर्चीवर बसता येतं. पहिलं आबांना दाखवलं. त्यांनी आपला माणूस चालवत खुर्चीपर्यंत नेला. थांबवला. बटण काही दाबेनात.

"दाबा ना, आबा."

"आत्ताच टाकी धुतलीया त्येनं. वला हाय. खुर्ची खराब हुईल."

आणि त्याला उभाच ठेवून उठून गेले.

३ डिसेंबर

लोक खवळलेत! "बसता येतं? मग भीती कसली?" पोलंडवाला तर म्हणतो, तुम्ही तुमचाच गेम समजून घेतलेला नाही. बरं, बाबा. तू ये एकदा इकडे, आबांशी बोल.

मॅडम दुपारी गेल्या.

४ डिसेंबर

सकाळी चादरी घालायला मदत म्हणून बंगल्यात गेले. आबा दिसेनात. चादरी घालून झालेल्या. सवयीने मोजल्या — नऊ. बरोबर. खिडकीशेजारची जरा फुगलेली वाटली. नीट करायला हात लावला, तर ती हललीच!

"भ्वॉऽऽ!"

मी अशी किंचाळले की आई लाटणं घेऊन धावत आली. चादरीतून आबांचं डोकं बाहेर. हसून हसून ठसका लागला होता, तरी उठले नाहीत. पाठ टेकलेली, दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर.

"लय मऊ हाय गं," म्हणाले. "तू बी बस. ती शेजारची मोकळीच हाय."

आईने मला उठवलं नाही.

दहाव्या चादरीखाली कोण, ते कळलं मला. साइटवर नाही सांगणार.