पितळी खलबत्त्यातला दगड

बाबा, मला भीती वाटतेय. भीती वाटली की मी आजही तुमच्याशीच बोलते. आईकडे गेलं की आधी बोलणी खावी लागायची, तुम्ही निदान ऐकून घ्यायचात.

संपाचं दुसरं वर्ष आठवतं का? गिरणीतले साचे बंद, तुमचे हात रिकामे, आणि लालबागच्या आपल्या खोलीत खाटेखाली माझे काळे दगड, वरळीच्या एका खोदकामातून आणलेले. "काय करतंस ह्यांचा?" तुम्ही विचारलंत. मी सांगितलं, लाव्हाच्या दोन थरांमध्ये दबलेला हा जुन्या तळ्याचा गाळ आहे. कुटून त्यातले धातू मोजले की तळ्याचं पाणी कसं होतं ते कळतं. तांबं, जस्त जास्त निघालं तर समजायचं, तळाशी प्राणवायू नव्हता. तुम्ही हसलात. "म्हणजे मेलेल्या पाण्याची नाडी बघतंस गो." दुसऱ्या दिवशी कॉलेजातून येते तर तुम्ही मोरीशेजारी बसून आईच्या पितळी खलबत्त्यात दगड कुटताय. "तुझे हात दुखतले. माका बसान खाऊक येणा नाय." मसाल्याचा खल बाटवला म्हणून आईची कुरकुर चाललेली. आमच्या प्रयोगशाळेत हे काम अकीकाच्या, म्हणजे कठीण गारेच्या खलात करतात, कारण धातूच्या भांड्याचा धातू दगडात उतरतो. आणि पितळ म्हणजे तांबं आणि जस्तच. पण कित्येक महिन्यांनी तुमच्या कपाळावर कामाचा घाम होता. मी मुकाट पुड्या बांधल्या.

तांबं-जस्त भरपूर निघालं. त्यावर माझा प्रबंध उभा राहिला, प्रबंधावर नोकरी. आता माझी एक विद्यार्थिनी, परळचीच, त्याच थरातला दगड तपासतेय आणि तिला ते धातू सापडतच नाहीत. तीनदा केलं पोरीनं. परवा टेबलापुढे रडवेली उभी. "मॅडम, माझंच काहीतरी चुकतंय ना? तुमचे नमुने कशात कुटले होते?" मी म्हटलं, "अकीकात. पुन्हा करून बघ." ती मान खाली घालून गेली. आता विषयच सोडायचा म्हणतेय. तेव्हापासून दारावर टकटक झाली की वाटतं, तीच आली.

तुमचं मन मोडू नये म्हणून गप्प राहिले, अशी मी इतकी वर्षं स्वतःची समजूत घातली. ते खोटं आहे, बाबा. काळवंडलेला तो खल त्या संध्याकाळी मीच घासला, तर तळाशी दगडांनी खरवडून निघालेलं नवं पितळ चमकत होतं. मला तेव्हाच कळलं होतं. खाटेखाली न कुटलेले दगड शिल्लक होते, सगळं परत करता आलं असतं. पण आकडे आले ते माझ्या मार्गदर्शक सरांना हवे होते तसेच, आणि मला डिग्री हवी होती.

हे त्या पोरीला वाचायला द्यायचं म्हणून सकाळी लिहायला बसले. ती आत्ताच दारात येऊन गेली. मी कागद वहीखाली सरकवला.