सारंगाच्या घराचा वारस

मी, तटरक्षक दलाच्या गस्ती जहाजावरचा निवृत्त सारंग, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवत आहे. "बाबा, डोकं ठिकाणावर आहे ना तुमचं?" असं लेकीने काल विचारलं, म्हणून डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. आहे ठिकाणावर.

१. बँकेतली ठेव लेकीला. तिच्या आईचे दागिने तिच्याकडेच आहेत; त्यांवर कोणी हक्क सांगू नये.

२. शिट्टी आणि दोर गुंफायचा दाभण खलाशांच्या शाळेला. माझी दुर्बीण भांडारपालाकडे आहे. "दोन दिवसांत देतो," म्हणाला होता. मग नोकरी संपली. आता मागू नये. खजील होईल बिचारा, आणि लाजेचा वाटा मला कोणालाही ठेवायचा नाही.

३. जहाजाला आम्ही मावशी म्हणायचो, कारण कोणीही हाक मारली की निघायची. तिने बुडत्या मालवाहू बोटीवरची माणसं काढली, सांडलेल्या तेलाभोवती आठवडाभर घिरट्या घातल्या, बेटावरची अडलेली बाळंतीण आणली. ती डेकवरच मोकळी झाली. भोवळ मात्र कप्तानाला आली. तस्करांच्या बोटीही मावशीने धरल्या. त्यांतल्या एकीवर, चोरट्या डिझेलच्या पिंपांपुढे, सुकाणूवर माझा मुलगा होता.

धरलेली बोट दोराने ओढत आणायची, तिच्या चालकाने मागे सुकाणू सरळ ठेवायचं आणि दोरावर सारंगाने नजर ठेवायची, ही आमची रीत. दोर मीच फेकला. त्याने झेलला आणि ओरडला, "बाबा, तुमच्या बाजूची गाठ नीट मारा! सुटली तर नोकरी तुमची जाईल." खलाशी हसले. बंदर येईपर्यंत मी दोराकडे पाहत होतो. दोराकडेच, त्याच्या दुसऱ्या टोकाला कोण आहे, तिकडे नाही. बोट जरासुद्धा भरकटली नाही. सुकाणू धरायला त्याला मीच शिकवलं होतं.

४. शिक्षा भोगून तो आता इंजिनं दुरुस्त करतो. माझे पाय गेल्यापासून मला आंघोळ तोच घालतो. गेल्या महिन्यात मावशीला सेवेतून निरोप दिला, तेव्हा चाकाच्या खुर्चीतून मला धक्क्यावर त्यानेच नेलं. तिच्या कामगिऱ्या वाचून दाखवल्या. डिझेलच्या बोटीला टाळ्या पडल्या. खुर्चीमागून त्यानेही वाजवल्या. नव्या कमांडरसाहेबांनी विचारलं, "सारंग, हे आपले कोण?" मी तोंड उघडण्याआधीच तो म्हणाला, "मी शेजारी. यांना पोहोचवायला आलोय."

मी ते खोडलं नाही. घरी येताना वाटेत त्याने विचारलं, "काका, ऊन लागतंय का?" आणि स्वतःच हसला. त्या दिवसापासून आंघोळीच्या वेळी मी डोळे मिटून घेतो.

५. राहतं घर, पुढच्या खोलीसकट, मुलाला. लेक म्हणते, "लोक तोंडात शेण घालतील." तो म्हणतो, "ताईलाच द्या, मी कुठेही राहीन." दोघांचं ऐकलं. घर त्यालाच. वकिलांनी तिसरं आणि चौथं कलम गाळायला सुचवलं होतं. ती दोन्ही राहतील.

६. सहीच्या वेळची नोंद: साक्षीसाठी कमांडरसाहेबांना मुद्दाम बोलावलं. कागद वाचताना ते तिसऱ्या कलमाशी थांबले. मग म्हणाले, "हा मुलगा असतो कुठे?" तो माझ्या पाठीशी उशी लावत होता. "तो शेजारी..." त्याने सुरुवात केली. मी त्याचं मनगट धरलं. "हा, साहेब. माझा मुलगा. डिझेलच्या बोटीवरचा."

साहेबांनी उठून त्याच्याशी हात मिळवला. माझी मान काही वर होईना. तो वाकून म्हणाला, "बाबा, ताठ बसा. सही वाकडी येतेय."

सही: सारंग (निवृत्त)

साक्षीदार: १. कमांडर. २. मावशीवरचा खानसामा.

ठिकाण: राहतं घर, पुढची खोली.
दिनांक: नऊ ऑक्टोबर.