नसलेल्या जिल्ह्याचा अभ्यासक्रम

५ एप्रिल, उदगीर
सकाळीच कृती समितीचे दोघे दारात. उदगीर जिल्हा व्हावा म्हणून सह्यांची मोहीम. 'सर, तुमची सही सगळ्यात वर पाहिजे.' विचारले, जिल्हा झाल्याने तळ्यात पाणी येईल काय? 'कलेक्टर हितंच बसला की येतंय की सर.' सही केली नाही. दारातल्या पाण्याच्या पिंपाला ज्या गावात कुलूप लावावे लागते, त्या गावाला आधी कलेक्टर हवा आहे.

९ एप्रिल
प्राचार्य बिरादार घरी. निवृत्तीनंतरही मी विद्यापीठाच्या अभ्यासमंडळावर आहे, म्हणून हे येणे. एरवी त्यांना माझे घर सापडत नाही. बी.ए.चा तर्कशास्त्राचा पेपर जूनपासून बंद, हे मागील बैठकीत ठरलेच (माझा विरोध नोंदवून). त्या जागी यांचा प्रस्ताव: 'रोजगारक्षमता व कार्यालयीन कामकाज'. जिल्हा झाला की कचेऱ्या येणार, कचेऱ्यांना कारकून लागणार, आपली पोरे तयार हवीत. जिल्हा कुठे आहे? 'होणारच की हो सर.' बाजारात तुरी.

रोजगारक्षमतेची व्याख्या मागितली. 'नोकरी मिळवण्याची क्षमता.' क्षमता आहे आणि नोकरी नाही, असे झाले तर? 'मग क्षमता कमी पडली म्हणायची.' सोयीस्कर. जागा शासनाने काढायच्या नाहीत आणि उणीव मात्र पोराच्या गुणपत्रिकेत दाखवायची.

१० एप्रिल
मसुदा वाचला. व्यक्तिमत्त्व विकास, मुलाखतीत कसे बसावे, हसावे किती. भुसा. परंतु तिसरे प्रकरण, टिपणी लेखन: 'प्रथम वस्तुस्थिती, मग नियम, मग त्या दोहोंतून निघेल तेवढाच अभिप्राय, अधिक नाही.' हे वाक्य बिरादारांचे नव्हे. दोन आधारविधाने आणि एक निष्कर्ष, हे मी वर्गात वर्षानुवर्षे याच शब्दांत सांगत आलो. संगीता स्वामीचे काम. माझी विद्यार्थिनी, आता त्याच महाविद्यालयात, माझ्याच विषयाला, तासिका तत्त्वावर.

१२ एप्रिल
संगीताला बोलावले. टँकरची पाळी होती, उशिरा आली.
'मसुदा तुझा?'
'हाव सर.'
'तर्कशास्त्राला कारकुनाची टोपी घातलीस.'
'उघड्या डोक्यानं वर्गात घेत न्हाईत त्याला. टोपीनं तरी जाऊ द्या.'
जिल्हा हे आधारविधानच असिद्ध आहे, हे समजावले. तिने ऐकून घेतले. मग, 'सर, तुमचं पेन्शन सिद्ध हाय. माझ्या तासिका न्हाईत. हे मंजूर झालं तर जूनमधी मी वर्गात. न्हाई तर घरी. आणि तुम्हीच शिकवलंत, आधारविधान खोटं असलं तरी युक्तिवाद वैध असू शकतो.'
शिकवले होते. वैध म्हणजे ग्राह्य नव्हे, हेही त्याच तासाला शिकवले होते.
ती गेल्यावर ठरवले: बैठकीत तिसरे प्रकरण वेगळे काढून, त्याच्या खऱ्या नावाने, स्वतंत्र पेपर म्हणून मांडावे. तिचे तासही राहतील आणि असत्याला मत देणे टळेल. क्रम: प्रथम खंडन, नंतर पर्याय.

१८ एप्रिल, नांदेड
मुखेडमार्गे एसटीने. रस्ताभर टँकर. अभ्यासमंडळाच्या बैठकीत बिरादार बराच वेळ बोलले. मी एकच प्रश्न विचारला: प्रस्ताव ज्या जिल्ह्याच्या कचेऱ्यांसाठी आहे, तो जिल्हा अस्तित्वात आहे काय? मग अध्यक्ष: 'सरांचा मुद्दा बिनतोड आहे. जिल्हा जाहीर झाला की विषय पुन्हा घेऊ.' सर्वांच्या माना हलल्या. बाहेर जेवण मांडले होते. पर्याय मांडण्यासाठी उठलो. 'सर, ठराव झाला की आता.' खुर्च्या सरकल्या. पर्याय खिशातच राहिला.
जिन्यात बिरादार. 'जिंकलात सर. आता स्वामी मॅडमला तुम्हीच सांगा.' गृहस्थ हसत होते.

१९ एप्रिल, उदगीर
फोन करून संगीताला सांगितले. तिने विचारले, 'युक्तिवाद वैध होता का सर?'
'होता.'
'मग बरंय.' फोन ठेवला.
पर्याय अध्यक्षांना टपालाने पाठवला. उत्तराची अपेक्षा ठेवण्यास आधार नाही.

२१ एप्रिल
दुपारी संगीता आली. हातात सह्यांचा कागद. तोच, उदगीर जिल्ह्याचा.
'तू समितीत कधीपासून?'
'कालपासून. जिल्हा झाल्याबिगर माझा विषय निघत न्हाई, असं तुमच्या मंडळानं लिहून दिलंय. तुमच्याच मुद्द्यावर. मग जिल्हा करावाच लागतोय की.'
चहा विचारला. 'नको. तुमच्याकडंबी पाणी कमीच असंल.' कागद टेबलावर ठेवला. 'वरची जागा मोकळी ठेवलीय. दिवेलागणीला न्यायला येते.'

सहीविरुद्ध माझे सर्व आक्षेप कायम आहेत. माझ्या सहीने जिल्हा होत नाही. झाला तरी पाणी येत नाही. झाला तरी मंडळ शब्द पाळेल, हे निष्पन्न होत नाही. एकही आक्षेप तिने खोडला नाही. खोडण्याचा प्रयत्नही केला नाही.
कागद वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर चष्म्याचे घर ठेवले आहे. ऊन उतरले. पेनात शाई भरून घेतली. तशीही भरायचीच होती.