मावशीच्या बाटलीवरची खडूची रेघ

३ मार्च
आले मावशीकडे. आई फोनवर म्हणाली, “नुसती भटकतेस, तर तिथे तरी उपयोगी पड.” म्हणजे काय, ते मावशीनंच सांगितलं, एका पँटची चेन उसवता उसवता. “मला पिणं कमी करायचंय. तू फक्त लिहायचंस.” जणू पोहायला शिकायचंय!

खाली दुकान, वर घर. कपडे आखूड करायचे, सैल करायचे, अस्तर बदलायचं. बटणांची एक बरणी आहे, तिच्यात माझा अर्धा तास गेला.

४ मार्च
दवाखान्यातल्या नर्सबाईंनी तिला कागद दिलाय. मोजून ओता. घ्यावीशी वाटली की वीस मिनिटं थांबा. कारण आधी लिहा. मावशीचा त्यावर स्वतःचा शिक्का— जिनच्या बाटलीवर रोज शिंप्याच्या खडूनं रेघ! आणि गिऱ्हाइकांच्या मापांच्या वहीत स्वतःचं पान. आत्ताचं माप चार ग्लास, करायचं एक, तारीख ३१. “काम घेतलं की तारखेला द्यायचं.”

बावन्न वर्षांची बाई. “पाळी गेली, झोप गेली, ही आली,” म्हणून स्वतःच हसली. मग म्हणाली, “या वेळी नाही जमलं तर परत मला कुणी काही सांगायचं नाही. तू नाही, तुझी आई नाही.” तेव्हा हसली नाही.

७ मार्च
चार, तीन, चार. कारणं ती सांगते, मी लिहिते. अंगाची आग झाली. गिऱ्हाईक वाकडं बोललं. काल— “कारण नाही. सात वाजले.”

वीस मिनिटं फार लांब असतात! जिन्यावर बसतो. आज मी मांजरामागे गेले ते पाऊण तासानं आले. मावशी तिथेच. “आली एकदाची भवानी! मी शहाण्यासारखी बसलेय.”

१० मार्च
तीन. परत तीन. परत तीन.

११ मार्च
तिचं तोंड बघवेना. ती खाली इस्त्री करत होती, तेव्हा नव्या बाटलीतली अर्धी काढली आणि नळाचं पाणी भरलं. बरोबर रेघेपर्यंत. दिसायला सारखंच, कळतंय कुणाला! मग कप धुऊन जागच्या जागी ठेवला.

१४ मार्च
दुसरी बाटली आली. तिचंही तेच केलं.
पण मावशी पाचवर गेली! “पूर्वी एकात अंग सैल पडायचं. आता काही होतच नाही गं.” कारणाच्या जागी लिहायला लावलं— हाडात मुरली.
लिहिलं मी. माझ्याच हातानं!

१६ मार्च
आज एका कोटाचं अस्तर उलटं शिवलं तिनं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. बसून राहिली बघत. मग वही मिटली. “हे काम परत. माझ्याच्यानं नाही व्हायचं.”
मी करायला गेले एक. आता सांगावं लागणार. पिशवी भरून ठेवलीय. माझं हे नेहमीचं. बिघडलं की निघायचं.

१७ मार्च
सांगितलं. पिशवी खांद्याला लावूनच. ती दातानं दोरा तोडत होती, तशीच थांबली.
“म्हणजे मी बिघडले नव्हते?”
“नाही, मावशी.”
“गाढवे! मला वाटलं, आता सुटका नाही. रात्र रात्र छताकडे बघत होते.”
मग बराच वेळ शिव्या. मग पिशवी ओढून घेतली. “माझं माप मला घेऊ दे. खोट्या टेपनं घेतलेलं माप अंगाला बसतं का कधी?”
पाण्याची बाटली तिनंच मोरीत ओतली. संध्याकाळी खरी आली. जिन्यावर वीस मिनिटं, मग दोन ग्लास. तिसरा नाही!
मला इतका थकवा का येतोय? केलं तर सगळं तिनंच.

१८ मार्च
सकाळी सुईत दोरा ओवता ओवता मावशीनं विचारलं, “काढलेली कुठे ओतायचीस?”
मोरीत, म्हणायला तोंड उघडलं. बंद केलं.
दोन अर्ध्या म्हणजे एक अख्खी बाटली. आठवड्याच्या आत. मीच प्यायले.