दर्शनी भागात

प्रिय बये,

परवा फोनवर तू हसत हसत विचारलंस, की आई, ती नोटीस तू मुद्दाम तर तशी लावली नव्हतीस ना? मीही हसले आणि तुझ्या सर्दीची चौकशी करायला लागले. मागून जावईबापू हाका मारत होते, ढब्बूने कसलंसं भांडं उपडं केलं होतं, तुझंही धड लक्ष नव्हतं. पण फोन ठेवल्यापासून तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. म्हणून आज सुट्टी आहे तर टेबल आवरून लिहायला बसलेय. पत्र लांबणार आहे. ढब्बू झोपला की वाच, आणि एका बैठकीत वाच.

मुद्दाम नाही केलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल. पुढचं मात्र इतकं सरळ नाही.

शाखेतल्या पाट्या माझ्याकडे, हे तुला शाळेत असल्यापासून माहीत आहे. तुझ्या बाबांचा ठरलेला विनोद होता, की बाकीचे ऑफिसात जाऊन पाट्या टाकतात, आमची ही लावते. पण बँकेच्या भिंतीवर काय असावं हे काही बँकेच्या मर्जीवर नसतं गं, त्याला कायदा आहे. कामकाजाच्या वेळा, व्याजाचे दर, फाटक्या नोटा बदलून मिळतील, ठेवीला विमा किती, तक्रार आधी कुणाकडे करायची आणि त्याने दाद दिली नाही तर पुढे कुणाकडे, कॅमेरा चालू आहे, चाकाच्या खुर्चीसाठी चढ कुठल्या बाजूला आहे. अक्षरं केवढी हवीत तेही ठरलेलं, पाटी किती उंचावर हवी तेही ठरलेलं. आमचे साहेब वयाने तुझ्याहूनही लहान आहेत. त्यांना मोकळ्या भिंती आवडतात. प्रत्येक नव्या साहेबाला आवडतात. मग मी नियमांचं पुस्तक त्यांच्या पुढ्यात ठेवते आणि ते सुस्कारा सोडून सही करतात. लोक पाट्या वाचत नाहीत हे मला कळत नाही का? पाटीखाली उभं राहून पाटीवरचंच मला विचारतात. पण एखाद्याला एखाद्या दिवशी गरज पडते, आणि तेव्हा ती तिथे असावी लागते. एवढ्याच भरवशावर इतकी वर्षं स्टुलावर चढतेय. आता गुडघे कुरकुरतात.

तर शाखा बंद करायचं वरून ठरलं. त्याच संध्याकाळी मी तुला फोन केला होता, आठवतं? तू एका श्वासात म्हणालीस, बरंच झालं, आता नोकरी सोड, ते घर विकून टाक आणि कायमची इकडे ये, ढब्बूकडे बघायला तूच हवीस. मी म्हटलं, बघू. आठवडाभरात तू मागच्या खोलीला फिकट निळा रंग देऊन त्याचा फोटो पाठवलास. पाळणाघरात ढब्बूसाठी धरून ठेवलेली जागा सोडून दिलीस. पूर्ण वेळ कामावर येते म्हणून ऑफिसात कळवूनही टाकलंस. इकडे घराचा दलाल येऊन फीत लावून सगळं घर मोजून गेला, तेही बूट घालून. आता तुला बोल लावत नाही. माझं बघू म्हणजे होच, असंच तू लहानपणापासून पाहत आलीस. सहलीला जाऊ का? बघू. मैत्रिणींना जेवायला बोलावू का? बघू. शेवटी व्हायचं तुझ्याच मनासारखं.

शाखा बंद करायची तर तीन महिने आधी नोटीस लावावी लागते. त्यात तारीख हवी, खाती कुठल्या शाखेत जाणार ते हवं, आणि कुणाची हरकत असेल तर ती कुणाकडे द्यायची त्या माणसाचं नाव हवं. नाव अर्थात माझं. शेवटची ओळ अशी, की मुदतीत हरकत आली नाही तर ती नाही असं समजण्यात येईल. आणि लावायची कुठे, तर प्रवेशद्वाराशी, दर्शनी भागात, कामकाजाच्या वेळेत कुणालाही सहज वाचता येईल अशी. मी ती कामकाज संपल्यावर, बाहेर उभी राहून बंद दारावर लावली. डोळ्यांच्या उंचीवर, अगदी सरळ, चारही कोपरे नीट चेपून. चार पावलं मागे जाऊन पाहिलं तर झकास दिसत होती.

आता गंमत ऐक. आगीच्या नियमामुळे आमचं ते दार बाहेरच्या बाजूला उघडतं. सकाळी दारवान ते उघडतो, पार मागे नेऊन बाहेरच्या भिंतीला टेकवतो आणि कडी अडकवतो. मग नोटीस कुठे? दार आणि भिंत यांच्या मधोमध! बँक उघडी असेपर्यंत ती बिचारी भिंतीकडे तोंड करून उभी, आणि बँक बंद झाली की पुन्हा हजर. मी सकाळी येते तेव्हा दार उघडलेलं असतं, संध्याकाळी निघते तेव्हा लावलेलं. त्यामुळे मला ती रोज दिसायची. घरी जाता जाता तिच्यावर नजर टाकून समाधानाने पुढे व्हायचे. दारवानाला वाटलं, बाईंनी लावलीय म्हणजे बरोबरच असणार. उभा जन्म पाट्या लावण्यात गेला आणि मला हे सुचू नये? हसू नकोस. बरं, हस.

दोन महिने होऊन गेले तरी एकाही माणसाची हरकत नाही. साहेब खूश. म्हणाले, बघा बाई, आपण उगाच घाबरत होतो, लोकांना काही फरक पडत नाही. तसे फोनवर संदेश गेले होते, पण बँकेचे संदेश कोण उघडतं? तू तरी उघडतेस का? खरं सांगते, मला वाईट वाटलं होतं. इतकी वर्षं ज्यांची कामं केली, ती माणसं शाखा उठून चालली तरी हूं की चूं करत नाहीत, म्हणजे कमाल झाली. दोन दिवस मी सगळ्यांशी जरा घुश्शातच वागले.

मग तपासनीस बाई आल्या. नोटीस कुठे आहे म्हणाल्या, तर मी ऐटीत त्यांना बाहेर घेऊन गेले आणि बोट दाखवलं, ते नुसत्या कोऱ्या दाराकडे. त्यांनी कडी काढली, दार जरासं ओढलं, फटीत डोकावल्या आणि मग माझ्याकडे पाहिलं. ओरडल्या नाहीत. त्याचीच जास्त लाज वाटली. नोटीस कामकाजाच्या वेळेत दिसत नव्हती, सबब ती लावलेलीच नाही, मुदत नव्याने सुरू करा, असं लिहून त्या गेल्या. साहेबांनी कपाळाला हात लावला. रोखपालाची बदली त्याच्या बायकोच्या गावी ठरली होती, ती लांबली, म्हणून त्याने माझ्याशी अबोला धरला. मी ज्याची त्याची माफी मागत फिरत होते. आणि बये, मला आतून इतकं बरं वाटत होतं म्हणून सांगू! शाळेला अचानक सुट्टी मिळाल्यासारखं. आणखी तीन महिने मला कुठे जावं लागणार नव्हतं. आधी वाटलं, शाखेवरचा जीव असेल. पण कुठली शाखा? ती रंग उडालेली टेबलं? ते गळके नळ? उद्या तिला कुलूप लागलं तर मला एक दिवस वाईट वाटेल, फार तर दोन.

नवी नोटीस आता आत, रांगेच्या तोंडाशीच उभ्या चौकटीत आहे. आणि लोकांनी जो काही गोंधळ घातलाय! रोज कुणी ना कुणी माझ्या टेबलाशी येतं. समोरचा शिंपी भांडून गेला. एक आजी-आजोबा बँकेत कामापेक्षा बसायलाच जास्त येतात, ते एकदा विचारून गेले आणि पुन्हा येऊन तेच विचारून गेले. परवा वरच्या मजल्यावरचे दाताचे डॉक्टर हातमोजे न काढताच खाली उतरले. वर कुणीतरी आ करून बसलेलं असणार. म्हणाले, माझी हरकत लिहून घ्या. अर्जात कारणाचा रकाना असतो, म्हणून मी कारण विचारलं. तर म्हणे, कारण कसलं, मला ही शाखा इथे हवी आहे. मी म्हटलं, गैरसोय होते असं लिहू का? तर म्हणे, गैरसोय काहीच नाही, नवी शाखा माझ्या घराला लागूनच आहे, पण मला हे नको आहे, तसंच लिहा. मी तसंच लिहिलं. सही करून माणूस वर निघूनसुद्धा गेला. मी मात्र पेन हातात धरून बसून राहिले. असं म्हणता येतं? कुणी आजारी नसताना, अडचण नसताना, नुसतं नको आहे म्हणून नको म्हणता येतं?

मला कधीच आलं नाही गं. लग्न करून या घरात आले तेव्हा सासूबाई होत्या, दीर होते. मग तू झालीस. मग सासूबाई अंथरुणाला खिळल्या, त्यांचं सगळं केलं. त्या गेल्या आणि तुझ्या बाबांचं दुखणं सुरू झालं. कुणाबद्दल तक्रार नाही, माझीच माणसं होती, प्रेमानेच केलं. बाबा गेल्यावर तू म्हणायचीस, आई, घर खायला उठत असेल ना? उठायचं, पहिलं वर्ष उठायचं. मग हळूहळू बसलं. आता मी कामावरून येते, कुलूप काढते, चपला सोडते आणि तशीच खुर्चीत बसते. पाणी मलाच हवं असेल तर उठायचं. कुणाला औषध द्यायचं नाही, कुणाचं ताट वाढायचं नाही. कधी कधी तास तास मी काहीच करत नाही. मला हे फार आवडतं. हे आवडतं असं तुला सांगायची मला चोरी वाटायची, म्हणून तू विचारलंस की मी म्हणायचे, हो गं, करमत नाही.

तर बये, मी तिकडे राहायला येणार नाही. तीन महिन्यांनी नाही आणि नंतरही नाही. ढब्बूवर माझा जीव आहे, त्याला सांगायची गरज नाही, पण तुला सांगते. सुट्टीत येईन, त्याला ताप आला तर हातातलं काम टाकून येईन. पण रोज त्याचं करायला येणार नाही, कारण मी दमलेय, आणि हे दमणं एका झोपेने जाणारं नाही. दलालाला मी कालच नाही म्हणून सांगितलं. पाळणाघराची जागा परत मिळते का बघ, नाहीतर दुसरं शोध. तेवढ्यासाठीच आत्ता सांगतेय, अजून तुझ्या हातात वेळ आहे. तुला हे जड जाणार आहे, मला माहीत आहे. माझ्यावर रागव, जावईबापूंकडे माझी मनसोक्त निंदा कर, मी मनाला लावून घेणार नाही. एवढं सगळं फोनवर का नाही सांगितलं म्हणशील. फोनवर तू एकदम गप्प झाली असतीस. तुझं ते गप्प होणं मला तू पाळण्यात होतीस तेव्हापासून ऐकवत नाही. मीच घाईघाईने म्हटलं असतं, बरं बाई, येते. म्हणून लिहिलं. उद्या सकाळी पेटीत टाकेन, म्हणजे मला ते परत घेता येणार नाही. वाचून झालं की फोन कर, पण लगेच करू नकोस. दोन-चार दिवस जाऊ देत. लगेच केलास ना, तर मी हो म्हणेन.

दमलेली, पण तुझीच,
आई