रांगेतल्या बाईचा ब्लॉक

मी गिरधर पुना सोनवणे, वय चौपन्न, धंदा वर्तमानपत्रात व्यंगचित्रे काढणे, राहणार मेहरूण, जळगाव, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. अक्कल शाबूत आहे; हुशारी असती तर हा धंदा केला नसता. डॉक्टरांनी फुप्फुसाचे दुखणे सांगितले आहे आणि पुढच्या दिवाळीचा विषय ते काढत नाहीत.

१. मेहरूणचे दोन खोल्यांचे घर माझ्या स्वकमाईचे आहे. ते माझी एकुलती मुलगी चि. प्रमिला हिला. चोपड्याच्या शेतातला माझा हिस्सा धाकटा भाऊ अभिमन आजवर कसत आला, तो त्यालाच. भावकीतल्या कोणी मध्ये तोंड घालू नये.

२. टाक, दौती आणि चित्राचा फळा ज्याला हौस असेल त्याला द्यावा. पोटापाण्याचा दुसरा उद्योग आहे ना, हे आधी त्याला विचारावे.

३. 'दैनिक गिरणाकाठ'चे मालक चंपालालजी यांनी सत्कारात माझ्या अंगावर घातलेली शाल प्रेसचे फोरमन पितांबर यांना. छपाईचे रूळ पुसायला बरी आहे.

४. आता मुद्द्याचे. माझी पत्नी सुंदरबाई हिला मी माझ्या चित्रांत उभी केली. रेशनची रांग, हातात रिकामी पिशवी, हे लांब नाक, घसरलेला पदर. जळगाव-धुळ्याची माणसे तिला ओळखू लागली, हसू लागली. ती मला म्हणे, "मन्हं तोंड इतलं वाकडं शे का? एकदाव तरी चांगलं काढा ना." मी म्हणे, काढू. सन १९६५ मध्ये ती विषमज्वराने गेली. तिचा फोटो कधी काढलेलाच नव्हता.

चित्राचा ब्लॉक, म्हणजे लाकडी ठोकळ्यावर ठोकलेला जस्ताचा ठसा, धुळ्याहून करून आणावा लागे, म्हणून एकदा केलेला ब्लॉक झिजेपर्यंत वापरायचा ही प्रेसची रीत. पितांबरने निधनाच्या बातमीत, काळ्या चौकटीत, तोच रांगेतला ब्लॉक बसवला. "वहिनींचं तोंड सगळ्या जिल्ह्याला ठाऊक आहे, भाऊ," एवढेच त्याच्या मनात. त्याच्यावर माझा राग नाही. पण दशक्रियेला आलेली माणसे तोंडाला उपरणे लावून हसत होती. मला बायकोसाठी धड रडताही आले नाही.

५. आणीबाणीत माझी चित्रे बंद झाली. रांगेतली ती बाई मात्र छापून येत राहिली. चंपालालजींनी तिच्या तोंडी नसबंदीची जाहिरात घातली. मेलेल्या बाईच्या तोंडी. त्याच दिवशी मी नोकरी सोडली आणि ब्लॉक कोटाच्या खिशात घालून घरी आणला. ते याला चोरी म्हणतात. खुशाल म्हणोत. त्या ब्लॉकवर त्यांचा कसलाही हक्क नाही.

६. तिचे नीट चित्र काढायला मी पुष्कळदा बसलो. नाकापाशी आलो की हात सवयीने लांबतो आणि रांगेतली बाईच उतरते. म्हणून सांगतो, तो ब्लॉक माझ्या छातीवर ठेवून मला अग्नी द्यावा. लाकूड जळेल, जस्त वितळेल. राख सावडताना गोळा सापडला तर अस्थींबरोबर तापीत सोडावा. यापुढे तिला कोणी हसू नये, एवढीच माझी इच्छा आहे.

७. 'गिरणाकाठ'ने माझा फोटो छापू नये. शोकही करू नये.

सही करण्यापूर्वी केलेला बदल: वरील मजकूर मी साक्षीदारांना वाचून दाखवत होतो. प्रमिला चहा घेऊन आली आणि कलम सहा ऐकून दारातच थांबली. आई गेली तेव्हा ती चार वर्षांची होती. म्हणाली, "आबा, तुम्हाला आईचं खरं तोंड आठवतं. मला एवढंच ठाऊक आहे. ते जाळू नका."

मी टाक पुन्हा दौतीत बुडवला. साक्षीला बसलेला पितांबर मान खाली घालून रडत होता.

कलम सहा रद्द केले आहे. ब्लॉक प्रमिलाचा. त्याला पुन्हा शाई लावू नये. तो पाहून प्रमिला कधीच हसत नसे, हे आज माझ्या ध्यानात आले.

सही: गिरधर पुना सोनवणे

समक्ष सह्या:
पितांबर उखर्डू चौधरी, प्रेस फोरमन
सुरेशचंद माणकचंद जैन, शेजारी, किराणा दुकानदार

मुक्काम मेहरूण, जळगाव
ता. ११ फेब्रुवारी १९७८