बॉल जॉइंट, डावा, खालचा

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ७.४०
ताईचा फोन, दवाखान्यातून. उद्या भाऊजींच्या खुब्याचं ऑपरेशन. पण फोन त्यासाठी नव्हता. भाऊजींची जुनी गाडी (१९६२ची, माझ्याहून मोठी) पुढून खडखडते म्हणे. तू तेवढी बघ, दवाखान्याचं आम्ही बघतो. डॉक्टरांचा हुकूम आहे, घरी जाताना खोल सीटवर बसायचं नाही, पाय लांब करता आला पाहिजे. हल्लीच्या गाड्यांत माणूस टबात बसल्यासारखा बसतो. या गाडीची सीट खुर्चीएवढी उंच. म्हणजे शनिवारी, १५ तारखेला, भाऊजी घरी येणार ते याच गाडीतून. ताई चालवणार.
मिस्त्रीला बोलावू नकोस, असं मी आपणहून बजावलं. वीस वर्षं तो या गाडीला हात लावतोय. शिकलेला नाही. मीही नाही, पण मी वाचतो.

त्याच दिवशी. संध्याकाळी ६.१५
गाडी फिरवून पाहिली. पहिल्या फेरीत आवाज नाही. दुसऱ्या फेरीत नाही. तिसऱ्या फेरीत नीट लक्ष देऊन ऐकल्यावर आला. शेजारी बायको होती, तिला काही ऐकू आलं नाही. असल्या आवाजाला कान तयार लागतो.
निदान: डाव्या चाकाचा खालचा बॉल जॉइंट. गोळी आणि वाटी. वाटी झिजली.

४ नोव्हेंबर
ऑपरेशन झालं. दीड तास. खुबा म्हणजे दुसरं काय, गोळी आणि वाटीच. डॉक्टर आणि मी या आठवड्यात एकच काम करतोय. हे मी त्यांना वॉर्डात सांगितलं. त्यांनी मान हलवली. फिटिंगच्या फटीबद्दल दोन शंका विचारल्या, तेव्हा त्यांना दुसरीकडे बोलावणं आलं. भाऊजींच्या पलंगाचं हँडल जड फिरत होतं, ते खोलायला घेतलं. नर्सने नको म्हटलं. जरा जोरातच म्हटलं.
दीड तासाचं कौतुक चाललंय. त्यांच्या हाताखाली चार माणसं होती, आणि पेशंट आधीपासूनच आडवा होता.

५ नोव्हेंबर
ऑफिसात आठ दिवसांची रजा टाकली. कारण: घरात आजारपण. यात खोटं काही नाही. आजारपण आहेच, घर फक्त ताईचं आहे.
साहेबांनी फोन करून काळजीने चौकशी केली. काही लागलं तर सांगा म्हणाले. जरा लाजल्यासारखं झालं.

६ नोव्हेंबर
ताईच्या गॅरेजात कामाला सुरुवात. गाडी जॅकने उचलून घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, ठेवली. चाक काढलं. सगळे भाग धुऊन जुन्या चादरीवर क्रमाने मांडले, चिठ्ठ्या लावल्या. डॉक्टरांकडे चिठ्ठ्या नव्हत्या.
एक नोंद: पुस्तकात हा जॉइंट कारखान्यातूनच चार रिव्हेटनी ठोकलेला दाखवलाय. इथे चार बोल्ट निघाले. नशीबच. रिव्हेट कापायचे कष्ट वाचले.
खुंटी, म्हणजे जॉइंटचा भोकात घट्ट बसलेला दांडा, मात्र सुटत नाही.

७ नोव्हेंबर
खुंटी सुटत नाही.

८ नोव्हेंबर. दुपारी १.००
सुटली. हातोडा मोठा वापरला. रबराची टोपी फाटली, ती नाहीतरी जुन्याबरोबर जाणारच. खुंटीचं टोक थोडं पसरलं. आतलं ग्रीस मधासारखं स्वच्छ. जुन्या काळी माल चांगला असायचा.

८ नोव्हेंबर. दुपारी ४.३०
नवा जॉइंट मागवायचा. पुस्तकात पार्ट नंबर आहे, पण पुस्तक छापील, आणि छापणारा आमच्या गॅरेजात आला नव्हता. मी खुंटी व्हर्नियरने तीन वेळा मोजली. तिन्ही वेळा एकच माप, दोन दशांश स्थळांपर्यंत. दुकानदार फोनवर म्हणाला, एवढी जाड खुंटी या गाडीला नसते. मी म्हटलं, हातात आहे माझ्या. तो म्हणाला, तुमची मर्जी. माल बुधवारी.

९ नोव्हेंबर
दवाखान्यात गेलो. भाऊजी वॉकर धरून दारापर्यंत चालले. ताईने विचारलं, गाडीचं कसं काय? मी सांगितलं, जवळपास झालीच. तिने मला बघून का कोण जाणे सुस्कारा टाकला. भाऊजी म्हणाले, गडबड करू नकोस, दवाखान्यातही रोज यायला नको, तू आपला गाडीकडे लक्ष दे. इतका विश्वास.

१० नोव्हेंबर. सकाळी १०.२०
हात पुसायला फडकं हवं म्हणून डॅशबोर्डचा कप्पा उघडला. त्यात भाऊजींची वही. गाडीला काय केलं, कधी केलं, सगळं त्यांच्या बारीक अक्षरात. मागल्या वर्षी, मार्च: पुढचे चारही बॉल जॉइंट नवे बसवले. खाली मिस्त्रीची सही.
वाचून पाटावर बसलो.
चार बोल्ट. स्वच्छ ग्रीस.

१० नोव्हेंबर. १०.५०
वहीत चूक असू शकते. माणूस विसरतो. मिस्त्री 'केलं' म्हणून सही करतो आणि केलेलं नसतं, असंही असतं.

१० नोव्हेंबर. ११.१५
भाऊजी विसरत नाहीत. घरात पाहुणा कोणत्या साली आला आणि किती चपात्या खाऊन गेला हेही ते सांगतात.
वही घरी आणली आणि माझ्या कपड्यांच्या कपाटात ठेवली. सुरक्षित राहावी म्हणून. बायकोने विचारलं, ही कुणाची? मी म्हटलं, ऑफिसची. पंचवीस वर्षांच्या संसारात मी तिच्याशी किती वेळा खोटं बोललो ते मोजायला लागलो आणि थांबलो.

१२ नोव्हेंबर
माल आला. सुंदर वस्तू. भोकात जात नाही. जाड आहे.
अर्धा तास विचार केला. मग समजलं. मी खुंटी जिथे मोजली, तिथे ती मूळची नव्हती. माझ्या हातोड्याने पसरलेली होती. तीन वेळा, दोन दशांश स्थळांपर्यंत, मी माझा स्वतःचा हातोडा मोजला.
दुकानदार म्हणाला, बरोबर नंबरचा माल पुढच्या मंगळवारी. डिस्चार्ज शनिवारी.

१३ नोव्हेंबर
मिस्त्रीकडे मार्चमधलाच जादा जॉइंट पडून असेल का? विचारायला काय हरकत? त्याच्या दुकानावरून दोनदा गेलो. दुसऱ्यांदा त्याने हात वर केला. मीही केला. तब्येत विचारली. ठीक आहे म्हणाला. घरी आलो.

१४ नोव्हेंबर
भोक कानस मारून मोठं करण्याचा विचार मनात आला. कानस हातातही घेतली. भाऊजींची गाडी. ताई चालवणार. वळणावर हे सुटलं तर चाक आत दुमडतं.
कानस परत ठेवली. या दहा दिवसांत मी केलेलं एवढंच काम बरोबर आहे, आणि ते न केलेलं काम आहे.
ताईला फोन केला. गाडी उद्या होणार नाही, माल चुकीचा आला. 'चुकीचा आला' असं म्हणालो. आपोआप आल्यासारखा.

१५ नोव्हेंबर, शनिवार
टॅक्सी. सीटवर तीन उशा रचल्या. तरी भाऊजींचा गुडघा छातीशी आला. ताई एका हाताने त्यांचा पाय धरून, दुसऱ्या हाताने छताची पट्टी धरून. मी पुढे बसून ड्रायव्हरला हळू सांगत होतो. तो म्हणाला, काका, याहून हळू म्हणजे थांबलेलीच. प्रत्येक खड्ड्याला भाऊजी डोळे मिटत. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.
दारात टॅक्सी थांबली. गॅरेज उघडं राहिलं होतं. घोड्यांवर गाडी, चाक काढलेलं, चादर, चिठ्ठ्या. भाऊजींनी एकदा पाहिलं आणि वॉकर मागितला.

१६ नोव्हेंबर. सकाळी ९.००
झोप नाही. कबुलीजबाब लिहून काढला. दीड पान. आकृती काढली नाही.

१६ नोव्हेंबर. दुपारी १२.३०
वही परत केली. कागद वाचून दाखवला. बोल्ट, ग्रीस, हातोडा, व्हर्नियर, कपाट, सगळं. आवाजाच्या मुद्द्यावर आलो: जॉइंट नवे होते, मग तो आवाज कसला, हे मला अजून सापडलेलं नाही.
भाऊजी ताईकडे बघायला लागले. ताई खिडकीबाहेर.
मग ताईच म्हणाली, "आवाज नव्हताच रे."
मी म्हटलं, मी ऐकला.
"तू ऐकणारच. मी तुला फोन केला त्याच्या आदल्या दिवशी तू त्या डॉक्टरांना फोन करून ग्रीस कुठलं वापरता म्हणून विचारलंस. मला भीती वाटली, उद्या हा ऑपरेशनला पाने-पक्कड घेऊन येईल. म्हटलं, गाडी दिली की दोन दिवस ऐकत बसेल. खोलशील असं वाटलं नव्हतं."
भाऊजी हसायला लागले आणि टाके दुखले म्हणून थांबले. म्हणाले, चूक आमचीही आहे. हे त्यांनी म्हणायला नको होतं. मी तिघांत एकटा चुकलेला असतो तर हिशेब सोपा होता. पण उशा आठवतात.
घरी येऊन बायकोला वहीचं खरं सांगितलं. ती म्हणाली, नाव तर वर भाऊजींचंच होतं, मला वाचता येतं.

१८ नोव्हेंबर
मिस्त्रीकडे गेलो. या वेळी आत गेलो.
तो आला. पार्ट नंबर पुस्तकात बघितला, त्याच्याकडे पुस्तक आहे. माझ्यापेक्षा नवी आवृत्ती. पसरलेली खुंटी बोटांत फिरवत विचारलं, हे कुणी केलं? ताई घाईने म्हणाली, आधीचंच असेल. मी म्हटलं, मी केलं. त्याने खुंटी खाली ठेवली आणि माझ्याकडे स्पॅनर मागितला. चौदा नंबर. मी तेरा दिला.

२६ नोव्हेंबर, बुधवार
भाऊजींची पहिली तपासणी. गाडी तयार. सकाळी साडेआठला मी इस्त्रीचा शर्ट घालून हजर.
पुढची सीट भाऊजींसाठी पार मागे सरकवली, त्यामुळे त्यांच्यामागे जागा नाही. मागे दुसऱ्या बाजूला ताई. ताईचा गाडीवर अजून भरवसा नाही म्हणून चालवायला मिस्त्री. भाऊजी खुर्चीत बसावं तसे बसले, पाय लांब. चेहऱ्यावर काही दुखत नव्हतं. मी वाकून डाव्या चाकाकडे बघत होतो, तेव्हा ताईने काच खाली करून सांगितलं, जरा बाजूला हो.
फाटक मी उघडलं. गाडी गेल्यावर लावलं.
मी नसतो तर मिस्त्रीला दोनदा खाली उतरावं लागलं असतं.